दहा-अकराचा पान्हा

माझी दुचाकी ज्या गॅरेजमध्ये जाते तिथे मेस्त्री दिवसभर उकिडवा बसलेला असतो. गाडीच्या पोटात डोकं घातलेलं, आणि उजवा हात मागे पसरलेला. न बघता तो म्हणतो, "दहा-अकरा." मागे उभा असलेला पोरगा त्या हातावर पान्हा ठेवतो. थोड्या वेळाने, "बारा-तेरा." पुन्हा पान्हा. मागच्या जूनमध्ये तिथे एक नवा मुलगा लागला. बारावी नुकतीच झालेला. पहिले तीन आठवडे त्याच्याकडे पान्हे देणं, रॉकेलमध्ये चेन धुणं, चहा आणणं आणि पाऊस आला की बाहेरच्या गाड्या आत ओढणं, एवढंच होतं. एका दुपारी माझ्यासमोर मेस्त्रीने हात मागे केला आणि तोंड उघडायच्या आतच हातावर बारा-तेराचा पान्हा आला. मेस्त्रीने मान वळवून एकदा पोराकडे पाहिलं. बोलला काही नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या चाकाचा नट त्याने त्या पोराला सोडायला लावला.

पगाराचं विचारल्यावर मुलगा ओशाळून हसला होता. आकडा सांगण्यासारखा नव्हताच. चाकाच्या नटाचं मात्र त्याने मला दोनदा सांगितलं.

"आजकालच्या पोरांना कामच नको," हे वाक्य लग्नाच्या पंगतीपासून कारखान्याच्या एचआर खात्यापर्यंत कुठेही ऐकू येतं. बोलणाऱ्याचं वय साधारण पन्नाशीच्या पुढचं असतं आणि त्याच्याबद्दल त्याच्या वडिलांनीही हेच म्हटलेलं असतं. कामाची आवड-नावड जणू रक्तातून येते, किंवा फार तर घरच्या वळणातून, असं गृहीत धरून हे बोललं जातं. घराचं वळण असतंच. पण माणूस पहिल्यांदा परक्याच्या हाताखाली उभा राहतो, तेव्हा तिथे त्याला जे दिसतं त्याचा ठसा वेगळा असतो आणि तो बराच काळ टिकतो. या प्रकरणात त्या ठशाकडे बघायचं आहे.

जीन लेव्ह या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाई 1970 च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात गेल्या आणि शिंप्यांच्या दुकानांत जाऊन बसल्या. शिकाऊ मुलं काम कसं शिकतात, हे त्यांना बघायचं होतं. त्यांना आढळलं की कपडा ज्या क्रमाने तयार होतो, त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने मुलं शिकतात. कपड्याची सुरुवात कापण्यापासून होते, शेवट बटणं लावून आणि इस्त्री करून. मुलगा मात्र आधी बटणं लावतो, हाताने कडा शिवतो, इस्त्री फिरवतो. मग मशीनवर बसतो. कात्री सगळ्यात शेवटी हातात येते.

आपल्याकडच्या कुठल्याही शिंप्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, यात नवीन काय? काजं-बटणं, तुरपाई, मग शिलाई आणि कटिंग मास्तर होणं सगळ्यात शेवटी, हे त्याने स्वतःच केलेलं असतं. लेव्ह यांनी त्या क्रमामागचं शहाणपण दाखवून दिलं. बटण चुकीचं लागलं तर उसवून पुन्हा लावता येतं. कापड चुकीचं कापलं की गेलं. म्हणजे नवख्याच्या चुकीची किंमत कमीत कमी राहते. शिवाय बटण लावणाऱ्या पोराच्या हातात पूर्ण झालेला सदरा असतो. बाही कुठे जोडली आहे, गळ्याला पट्टी कशी बसली आहे, हे त्याला न सांगता दिसत राहतं. आणि दोन हातांवर मास्तर कापड अंथरून खडूने रेघा मारत असतो, तेही दिसतं. काम हलकं असतं, पण ज्या कामाकडे जायचं आहे ते डोळ्यांपुढे असतं.

पुढे 1991 मध्ये लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी मिळून एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात या शिंप्यांच्या शेजारी अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधल्या खाटकांचं उदाहरण आहे. तिथे शिकाऊ मुलांना मांस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायच्या मशीनवर उभं करत. ते काम जमलं की मुलगा तिथेच राही, कारण दुकानाला त्याचा तिथेच उपयोग होता. जनावर कापणारे मुरलेले कारागीर दुसऱ्या खोलीत. दोन्ही खोल्यांची रचना अशी की गुंडाळणाऱ्याला कापणारा दिसत नसे. सोबतच्या वर्गात शिकवलं जाई ते असं, की ज्याची दुकानात कधी गरजच पडत नसे. कागदोपत्री दोघेही शिकाऊ उमेदवारच, लायबेरियातलाही आणि अमेरिकेतलाही. पहिल्याला पुढची पायरी दिसत होती, दुसऱ्याच्या आणि त्या पायरीच्या मध्ये भिंत होती.

चाकण किंवा रांजणगावच्या रस्त्याला पहाटे कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या मुलांशी बोललात तर ही भिंत लगेच ओळखू येते. आयटीआय झालेलं पोरगं "ट्रेनी" म्हणून लागतं. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 पासून कायदा आहे, विद्यावेतन आहे, आणि काही कारखान्यांत खरोखर चांगलं प्रशिक्षण दिलंही जातं. पण अनेक ठिकाणी पोरगं वर्षभर एकाच स्टेशनवर उभं राहून तेच चार बोल्ट आवळतं. ते बोल्ट गाडीच्या कुठल्या भागाचे आहेत हे त्याला कुणी सांगत नाही, त्यालाही विचारायला फुरसत नसते. मुदत संपली की दुसरी कंपनी, दुसरे चार बोल्ट. चार वर्षांनी हा मुलगा गावाकडे येऊन पारावर बसला की लोक म्हणतात, याला कामाची आवड नाही. त्याला काम दाखवलंच गेलं नव्हतं.

इथे लंडनमधल्या दोन पोरांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोघं साधारण वीस वर्षांच्या अंतराने एकाच शहरात कामाला लागले आणि दोघांचीही नावं आज जगाला माहीत आहेत.

पहिला 1804 मध्ये तेरा वर्षांचा होता. लोहाराचा मुलगा, घरी चणचण. एका पुस्तकविक्रेत्याकडे तो वर्तमानपत्रं पोचवायला लागला आणि पुढच्या वर्षी त्याच मालकाकडे पुस्तकबांधणीचा शिकाऊ म्हणून सात वर्षांसाठी बांधला गेला. मालकाचं नाव जॉर्ज रिबो. फ्रान्समधून येऊन स्थायिक झालेला हा माणूस पोरांना बांधणीसाठी आलेली पुस्तकं वाचू देई. मुलाने विश्वकोशातला विजेवरचा लेख वाचला, जेन मार्सेट बाईंचं रसायनशास्त्रावरचं पुस्तक वाचलं आणि दुकानाच्या मागच्या बाजूला लहानसहान प्रयोग मांडायला सुरुवात केली. रिबोने ते करू दिले. दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने 1812 मध्ये त्याला हम्फ्री डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पोराने व्याख्यानांच्या टिपणांवरून सुमारे तीनशे पानं लिहून काढली, ती स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीला पाठवली. मार्च 1813 मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. हा मायकेल फॅरेडे. आपल्या घरातली वीज ज्या तत्त्वावर तयार होते, ते त्याने पुढे शोधलं. मला यात नेहमी मजा वाटते ती त्या बांधणीची. सात वर्षं ज्या हातांनी लोकांची पुस्तकं बांधली, त्याच हातांनी नोकरीचा अर्ज बांधला.

दुसरा 1824 मध्ये नुकता बारा वर्षांचा झाला होता. वडील कारकून, पण हात सैल. कर्ज फिटेना म्हणून ते मार्शलसी तुरुंगात गेले आणि पोरगं थेम्सच्या काठावरच्या, उंदरांनी भरलेल्या एका जुन्या इमारतीत बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात. आठवड्याला सहा-सात शिलिंग. काम असं, की पॉलिशच्या बरणीवर आधी तेलकट कागद, त्यावर निळा कागद, मग दोरा बांधायचा, कडा कापून सारख्या करायच्या आणि लेबल डकवायचं. काही महिने हेच. पुढे कारखाना दुसऱ्या जागी गेला, तेव्हा तो आणि दुसरा एक मुलगा खिडकीशी बसून काम करत आणि रस्त्यावरचे लोक थांबून त्यांच्या हातांची चपळाई बघत. हा चार्ल्स डिकन्स. मोठा झाल्यावर त्याने ही गोष्ट जवळजवळ कुणालाच सांगितली नाही. त्याच्या मृत्यूनंतर जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ती लोकांना कळली. वडील सुटल्यावरही आईला त्याने पुन्हा कारखान्यात जावं असं वाटत होतं, हे तो कधीच विसरला नाही. पहिल्या दिवसांत त्याला दोरा बांधायची युक्ती शिकवणाऱ्या मुलाचं आडनाव फेगिन होतं. डिकन्सने ते पुढे 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या पोरांना चोऱ्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला दिलं. उपकाराची अशी परतफेड क्वचितच झाली असेल.

डिकन्स काही आळशी निघाला नाही. उलट तो जन्मभर राबला, पैशाच्या बाबतीत कधी निर्धास्त झाला नाही आणि लेखणीतून कामकरी मुलांची बाजू मांडत राहिला. म्हणजे वाईट सुरुवातीने माणूस कामचुकारच होतो असं नाही. तरी दोघांत फरक उरतोच. फॅरेडेच्या घरून फार काही अपेक्षा नव्हत्या आणि दुकानात त्याला अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं. डिकन्सला शाळेत जायचं होतं, आपण शाळेत जाणारच अशी त्याची खात्री होती, आणि बरण्या बांधताना त्या बरण्यांपलीकडे त्याला काहीच दिसत नव्हतं. मारझोड झाल्याचं त्याने कुठे लिहिलेलं नाही. कायमचं मनात राहिलं ते आपण इथे विसरले गेलो आहोत, हे.

आता थोडं संशोधनाकडे. या विषयावर सगळ्यात जास्त भांडण अमेरिकेत झालं आहे, कारण तिथे शाळकरी वयातच बरीच मुलं संध्याकाळी, शनिवार-रविवारी कुठेतरी काम करतात.

ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने 1974 मध्ये महामंदीतल्या मुलांवर पुस्तक लिहिलं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात 1920-21 मध्ये जन्मलेल्या 167 मुलांची नोंद संशोधक 1930 च्या दशकापासून ठेवत आले होते. मंदीत ज्यांच्या बापाचं उत्पन्न कोसळलं, त्या घरांतली मुलं पेपर टाकणं, दुकानात हरकाम्या म्हणून राबणं अशी कामं करू लागली. एल्डरला आढळलं की ही मुलं मोठ्यांच्या जगाकडे लवकर वळली, जबाबदार झाली, पुढे काय करायचं हे त्यांचं लवकर ठरलं. हे वाचून आपल्याकडचे काका लोक "बघा, मी म्हणत नव्हतो?" असं म्हणतील. पण एल्डरने शेजारच्या बर्कलीतल्या, सात-आठ वर्षांनी लहान मुलांचीही माहिती तपासली. मंदी आली तेव्हा ती अगदी लहान होती. त्यांच्यातल्या मुलग्यांवर त्याच हलाखीचा वाईट परिणाम झालेला दिसला. ओकलंडच्या मुलांना घरासाठी काहीतरी करता येण्याजोगं वय होतं. बर्कलीच्या मुलांना घरातलं फक्त भोगावं लागलं.

मग 1986 मध्ये एलेन ग्रीनबर्गर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी उलटा सूर लावला. कॅलिफोर्नियात बर्गर विकणारी, दुकानात माल लावणारी शाळकरी मुलं त्यांनी अभ्यासली. आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करणाऱ्यांचा अभ्यास घसरत होता, ते एक वेळ समजण्यासारखं. मोठा धक्का होता तो कामाबद्दलच्या मताचा. ही मुलं काम न करणाऱ्यांपेक्षा कामाबद्दल जास्त कडवट झाली होती. मित्राला फुकट माल देणं, तब्येतीची खोटी सबब सांगणं, यात त्यांना फारसं गैर वाटेनासं झालं होतं. कारण शोधल्यावर दिसलं की अशा ठिकाणी मुलांच्या आसपास मुलंच असतात. काम शिकवणारा, चूक दाखवणारा, आपलं काम मनापासून करणारा मोठा माणूस त्यांना क्वचितच भेटतो.

तिसरी बाजू जेलन मॉर्टिमर बाईंची. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरातल्या नववीतल्या सुमारे एक हजार मुलांना त्यांनी 1988 मध्ये हाताशी धरलं आणि ती मुलं स्वतः आईबाप होईपर्यंत त्यांची विचारपूस करत राहिल्या. त्यांचं म्हणणं असं की "काम केलं की नाही" हा प्रश्नच पुरेसा नाही. वीस तासांच्या आत, पण सातत्याने काम करणारी मुलं शिक्षणातही पुढे टिकली. आणि नोकरी कशी आहे यावर बरंच अवलंबून होतं: तिथे काही शिकायला मिळतं का, की नुसती कटकट आहे.

तिघांच्या मतांत विरोध दिसतो. मला वाटतं, भांडण तासांवरून आणि वयावरून झालं असलं, तरी तिन्ही ठिकाणी त्यामागे एकच गोष्ट आहे: आपल्या कामाचं पुढे काय होतं, हे पोराला दिसतं का. ओकलंडचं पोरगं पेपर टाकून आलेले पैसे आईच्या हातात ठेवत होतं आणि त्या पैशाचं दूध येताना बघत होतं. बर्गर विकणाऱ्या पोराला आपल्या कामाचं पुढे काय होतं हे दिसत नव्हतं, आणि काम नीट करणारं माणूसही दिसत नव्हतं.

एक अनुभव माझाही. अकरावीच्या सुट्टीत मी एका छापखान्यात लागलो होतो. लग्नसराईचे दिवस. माझं काम पत्रिकांना घड्या घालायचं आणि शंभर-शंभरचे गठ्ठे बांधायचं. मालक तिरसट होते. पहिल्या महिन्यात त्यांनी दोन दिवसांचे पैसे कापले. कुठल्या दोन दिवसांचे हे विचारायची माझी हिंमत झाली नाही आणि त्यांनी ते सांगितलं नाही. घरी येऊन मी आईला म्हटलं, उद्यापासून जात नाही. आई म्हणाली, महिना भर. पुढच्या आठवड्यात एका पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली. सकाळी 11 वाजून 52 मिनिटांच्या जागी रात्रीचे 11. पाचशे पत्रिका छापून झाल्या होत्या. मालकांनी पाचशेच्या पाचशे रद्दीत टाकल्या, कागद स्वतःच्या खर्चाने आणला आणि रात्री मला शेजारी बसवून म्हणाले, "मी मोठ्याने वाचतो, तू कागदावर बोट ठेव." त्या दिवसापासून प्रत्येक प्रुफावर आम्ही दोघं बसू लागलो. ते कापलेले पैसे मला आजही खटकतात. आणि कुठलीही पत्रिका हातात आली की माझं बोट आजही आधी मुहूर्तावर जातं.

काम मिळण्याआधीच जे घडतं, त्याचंही बोललं पाहिजे. पाओला जुलियानो आणि अँटोनिओ स्पिलिम्बेर्गो या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं चालत आलेल्या जनमत पाहण्यांची माहिती तपासली. वयाच्या 18 ते 25 या काळात ज्यांनी आपल्या भागात मोठी मंदी पाहिली, ते पुढेही, चाळिशी-पन्नाशीतसुद्धा, यश मेहनतीपेक्षा नशिबावर अवलंबून असतं असं जास्त मानतात. हीच मंदी वय वाढल्यावर आली तर तसा परिणाम होत नाही. लिसा कान यांनी 1979 ते 1989 दरम्यान अमेरिकेत पदवी घेतलेल्यांचा अभ्यास केला, त्यातही पडत्या काळात बाहेर पडलेले पदवीधर पंधरा वर्षांनंतरही मिळकतीत मागेच होते. पहिलं दार ज्याच्या तोंडावर आपटलं, त्याला दारांबद्दल काय वाटेल हे सांगायला खरं तर अर्थतज्ज्ञ लागू नये.

पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत ही दारं रोज दिसतात. कॉट बेसिसवर राहणारी, मेसचा डबा खाणारी, अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरणारी हजारो मुलं-मुली. स्पर्धा परीक्षेचा कुणाचा तिसरा अटेम्प्ट, कुणाचा पाचवा. वय 27, 28. यातल्या बऱ्याच जणांनी शेतात बापाला मदत केली आहे, पण परक्या माणसाने दिलेलं काम आणि त्याचा पगार हा अनुभवच नाही. क्रेग जेफ्री नावाच्या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने मेरठमधल्या अशाच सुशिक्षित बेकार तरुणांवर 2010 मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्याचं नावच ठेवलं 'टाइमपास'. ती मुलं स्वतःच्या दिवसांसाठी हाच शब्द वापरत होती. अभ्यासिकेतल्या मुलांना आळशी म्हणणाऱ्याने एक आठवडा त्यांच्यासारखा अभ्यास करून दाखवावा. त्यांची अडचण वेगळी आहे. दहा वर्षं त्यांनी कष्ट केले आणि त्या कष्टाने जगात काही हललेलं त्यांनी पाहिलं नाही. ना एक पान्हा, ना एक बटण.

याचा इलाज महाराष्ट्रात कुणी शोधलाच नाही असं नाही. भाऊराव पाटलांनी नांगर विकत गावोगाव पायपीट केली होती, कारखान्यांतही काम केलं होतं. 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात राबून शिकत. पैशाअभावी हे करावं लागलं, असं आपण म्हणतो. पण 'कमवा आणि शिका' ही नुसती काटकसर नव्हती. ज्या समाजात कोणतं काम कुणाच्या हाताने व्हायचं हे जन्माने ठरत होतं, तिथे ब्राह्मणाच्या, मराठ्याच्या आणि महाराच्या पोराच्या हातात एकच फावडं देणं हा कामाबद्दलचाच एक नवा धडा होता. आज महाविद्यालयांत याच नावाची योजना आहे. काही ठिकाणी मुलं प्रयोगशाळेत, ग्रंथालयात, रोपवाटिकेत खरं काम करतात. काही ठिकाणी धूळ पुसणं आणि फायली इकडून तिकडे नेणं, एवढ्यावरच ती उरली आहे.

पाबळचं उदाहरण मला जास्त आवडतं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मोठ्या कंपनीत संशोधन करणारे रसायनतंत्रज्ञ. 1983 मध्ये त्यांनी शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली, दहावी नापास मुलं तिथे वेल्डिंग, शेती, सुतारकाम, अन्नप्रक्रिया शिकतात. पुढे हाच अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या शाळांत आठवड्यातला एक दिवस याप्रमाणे गेला. त्यातली महत्त्वाची अट अशी की मुलांनी गावाला खरी सेवा द्यायची आणि तिचे पैसे घ्यायचे: माती-पाण्याची तपासणी, रक्तगट, वायरिंग, शेतीचं अवजार दुरुस्त करणं. मास्तर मार्क देईल म्हणून केलेलं वेल्डिंग आणि शेजारच्या काकांच्या फाटकाचं वेल्डिंग, यांत फरक असतो. काकांचं फाटक तुटलं तर काका घरी येतात.

शिकागोमध्ये 2012 च्या उन्हाळ्यात असंच काहीसं केलं गेलं. गुन्हेगारी जास्त असलेल्या वस्त्यांतल्या शाळांतली 1,634 मुलं-मुली निवडून चिठ्ठ्या टाकाव्यात तसं त्यांचे गट पाडले. काहींना आठ आठवड्यांचं, किमान वेतनाचं, अर्धवेळ काम दिलं आणि सोबत एक मोठा माणूस दिला, जो रोज भेटून काय अडलं ते विचारेल. बाकीच्यांना यातलं काही मिळालं नाही. सारा हेलर यांनी दोन्ही गटांची पुढच्या सोळा महिन्यांतली पोलीस नोंद तपासली. काम मिळालेल्यांच्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका 43 टक्क्यांनी कमी होत्या. घट झाली ती बहुतांश काम संपल्यानंतरच्या महिन्यांत. म्हणजे मुलं कामात गुंतलेली होती म्हणून शांत राहिली, एवढंच कारण नव्हतं. आठ आठवड्यांनी त्यांच्यात काहीतरी बदललं होतं.

हे सगळं लिहिताना एक धाकधूक आहे. "लहानपणी काम केलं म्हणून घडलो" हे वाक्य फार लवकर दुसऱ्याच्या पोराला कामाला जुंपायच्या कामी येतं. 2016 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बंदी आहे, घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत करण्याची सूट आहे, आणि 18 पर्यंत धोक्याचं काम देता येत नाही. बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापाने उचल घेतलेली असते ती कोयत्यावर, म्हणजे जोडप्यावर. सोबत गेलेलं दहा वर्षांचं पोरगं वाढं गोळा करतं, त्याचा हिशेब कुठेच नसतो. त्याला आपण अनुभव म्हणू नये.

आणि मुली. एल्डरच्या ओकलंडमध्येही मंदीत मुलगे पैसे मिळवायला बाहेर पडले आणि मुलींच्या वाट्याला घर आलं. आपल्याकडे तर शब्दच वेगळे आहेत. मुलगा दुकानात बसला तर तो कामाला लागतो, मुलीने दोन वेळच्या भाकऱ्या थापल्या तर ती आईला मदत करते. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, तर पुरुषांची 97. तेराव्या वर्षापासून कुटुंबाचं जेवण सांभाळणाऱ्या मुलीला नोकरीच्या मुलाखतीत "अनुभव?" असं विचारतात आणि ती "नाही" म्हणते. वेळेचं गणित, उरलेल्यातून निभावणं, एका वेळी तीन चुली बघणं, हे सगळं तिला येत असतं. ते काम आहे असं तिला कुणी सांगितलेलं नसतं.

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना 6 हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8 हजार, पदवीधराला 10 हजार, आणि सुरुवातीला मुदत सहा महिने. हजारो मुलं-मुली कचेऱ्यांत, शाळांत, कारखान्यांत रुजू झाली. पैशाचा आकडा जाहिरातीत येतो. त्या सहा महिन्यांत पोराला साहेबाच्या शेजारची खुर्ची मिळाली की झेरॉक्सच्या मशीनसमोरची, हे कुठल्याही आकड्यात येत नाही. माझ्या मते योजनेचं यश तिथेच ठरेल.

तुमचं दुकान असेल, वर्कशॉप असेल, दवाखाना, शेत किंवा कचेरी असेल, तर येत्या मे महिन्यात कुणीतरी पोरगं किंवा पोरगी तुमच्याकडे येईल. पहिल्या दिवशी चहा सांगायला हरकत नाही. पण पगाराच्या दिवशी कागद त्याच्यासमोर ठेवा, किती दिवस धरले आणि किती कापले ते बोट ठेवून दाखवा. आणि आठवड्यातून एकदा त्याला आतल्या खोलीत, जिथे खरं काम चालतं तिथे, तासभर नुसतं उभं राहू द्या.